पाणसळ लावून बांधलेली झोळी

आमच्या साडूंबद्दल चार पानं लिहून द्या, असं त्यांच्या मुलीने सांगितलं तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. चाळीस वर्षं आम्ही एका इमारतीत राहिलो. ते तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत, आम्ही बरोबर त्यांच्या डोक्यावर. आमच्या बायका सख्ख्या बहिणी. तरी त्यांच्याबद्दल मला खरं काय माहीत होतं, असं विचाराल तर फार काही नाही. चहात साखर किती लागते ते माहीत होतं. कुणाच्याही घरात शिरताना ते आधी माणसांकडे न बघता जमिनीकडे बघतात, ते माहीत होतं. बाकी माणूस आतून कसा होता ते मला सांगता यायचं नाही, आणि जाणून घ्यायची हौसही नव्हती. मला ते आवडत नसत. आता त्यांना जाऊन वर्ष होईल, पण गेलेल्या माणसाला गोड करून सांगायची कला माझ्याकडे नाही. मुलगी म्हणाली, "काका, ते हॅमॉकमध्ये झोपायला कसे शिकले तेवढंच लिहा. ते मी पाहिलं नाही." तेवढं लिहितो.

साडू फरशी बसवायचे. काम चोख होतं, ते कबूल करावंच लागेल, कारण न विचारता ते स्वतःच सांगायचे. त्यांच्या खिशात कायम एक छोटी पाणसळ असे. तिच्या काचेच्या नळीतला बुडबुडा बरोबर मध्ये आला की जमीन सपाट, इतका साधा त्या पट्टीचा धर्म. साडूंचाही तोच. कामावरचे लोक त्यांना पाठीमागे 'पाणसळ' म्हणत आणि समोर आले की हातातली फरशी पुन्हा एकदा ठोकत. आमच्याकडे आले की ते खिशातून एक गोटी काढून जमिनीवर ठेवायचे. गोटी घरंगळत कपाटाखाली जायची. मग ते नुसते माझ्याकडे बघत. ती जमीन काही मी घातलेली नव्हती. तरी दर वेळी मी ओशाळायचो, ओणवा व्हायचो आणि गोटी काढून त्यांच्या हातात द्यायचो. त्यांची बायको दवाखान्यात शेवटच्या आजारात पडलेली असताना हा गृहस्थ परिचारिकेला सांगत होता की तुमच्या वॉर्डाचा उतार उलटा आहे, धुतल्यावर पाणी मोरीकडे न जाता खाटांखाली जातं. मी तेव्हाच मनात म्हटलं, धन्य आहे.

मुलगी एकुलती एक. झाडाझुडपांचा अभ्यास करून तिने दूरच्या दलदलीच्या रानात झाडं मोजायची नोकरी धरली, तेव्हा साडू सगळ्यांसमोर म्हणाले, "झाडं मोजायला शिक्षण कशाला? एक, दोन, तीन मलाही येतं." ती गेली. त्यानंतर चार वर्षं बापलेकीचं बोलणं माझ्या बायकोमार्फत चाललं. आईच्या वेळी ती आली, पंधरा दिवस राहिली, परत गेली. त्या पंधरा दिवसांतही दोघं एकमेकांशी नळ, किल्ली आणि दूध या तीन विषयांपलीकडे गेले नाहीत.

मग एका रविवारी तिचा फोन आला, आणि या वेळी थेट त्यांना. बाबा, महिनाभर इकडे येऊन राहा. मात्र तळावर खाट नाही. जमीन ओली, वर जळवा, त्यामुळे सगळे दोन झाडांच्या मध्ये हॅमॉक बांधून झोपतात. सामानाची जीप महिन्यातून एकदाच आत येते. तिथे येऊन झोप लागली नाही म्हणून परत जातो म्हणालात तर महिना तसाच काढावा लागेल. म्हणून तिने हॅमॉक पाठवून दिला आणि अट घातली. तीन आठवड्यांनी जीप निघेल, त्याआधी घरी सलग तीन रात्री त्यात झोपून दाखवायचं. वर म्हणाली, "आणि ते काकांनी मला सांगायचं. तुम्ही सांगितलेलं मी धरणार नाही."

पार्सल आलं त्या संध्याकाळी आम्ही दोघं खाली गेलो. हिरवं पातळ कापड, दोन्ही टोकांना दोरीचे फासे, आणि दोन पट्टे. साडूंनी ते दोन बोटांत धरून उचललं.

"ही झोळी आहे," ते म्हणाले. "झोळीत तान्ही पोरं झोपतात."

"मग भाऊजी, अंगाई म्हणायला मी येत जाऊ का खाली?" माझी बायको म्हणाली.

ते भिंती बघत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाहेरच्या खोलीच्या समोरासमोरच्या भिंतींत दोन लोखंडी कड्या बसवल्या. उंची सारखी यावी म्हणून पाणी भरलेली पारदर्शक नळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत लावली. मग पट्टे इतके आवळले की कापड ढोलासारखं ताणलं. त्यावर पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये आला. मला वर निरोप पाठवून मुद्दाम बोलावून घेतलं होतं, ते हा बुडबुडा बघायला. मुलीने फोनवर बजावलं होतं की ढिला बांधा, चांगला झोळ पडू द्या. पण ज्याने जन्मभर झोळ काढला त्याने झोळ पाडायचा, म्हणजे काय. "तिला काय कळतं त्यातलं?" असं म्हणून ते एक पाय वर टाकून चढले, आणि कापडाने एक गिरकी घेऊन त्यांना खाली ओतलं.

खाली त्यांनी स्वतः बसवलेली फरशी होती. सुतभरही कुठे वरखाली नाही, त्यामुळे मार सगळीकडे सारखा लागला.

मी हसलो नाही. समोर हसायची माझी हिंमत नसते. जिन्यात येऊन हसलो. बायको म्हणाली, खाली गादी तरी घालायला सांगा. मी सांगितलं. ते म्हणाले, गादी घालणं म्हणजे पडायचं आधीच ठरवणं.

पहिला आठवडा पडण्यात गेला. पहाटे वर आम्हाला धप्प असा आवाज यायचा आणि बायको कुशीवर वळून म्हणायची, "भाऊजी उठले." दुसऱ्या आठवड्यात त्यांनी पट्टे जरा सोडले, पण मनापासून सोडले नाहीत. आता पडत नव्हते, तर नाकासमोर सरळ, टोकापासून टोकापर्यंत झोपत होते. कापड दोन्ही बाजूंनी खांदे दाबायचं, पाय वर, डोकं वर, कंबर खोल. सकाळी अंगणात येत ते केळ्यासारखे वाकून. विचारलं की कापड बनवणाऱ्याची अक्कल काढायचे. वरून दोन पांघरुणं घेऊन खालून गारठायचे, आणि त्याचा दोष खिडकी बसवणाऱ्या सुताराला द्यायचे. शेवटी पहाटे उतरून निमूट खाटेवर जाऊन पडायचे. हे सगळं बघून मला वाईट वाटलं असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. चाळीस वर्षं मी कपाटाखालून गोटी काढत आलो होतो. मला बरं वाटत होतं.

जीप निघायला नऊ दिवस राहिले तेव्हा ते वर आले. पहिल्यांदाच जमिनीकडे न बघता आले आणि माझ्यासमोर बसले. पाठीला उशी लागेना म्हणून पुढे सरकून बसले. बायकोने चहा ठेवला. ती आत गेल्यावर हळूच म्हणाले, "साडूभाऊ, तिला सांगून टाका, झोपतो म्हणून. तिथे गेल्यावर मी माझं बघतो."

"पण तुम्ही झोपत नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला काय जातंय सांगायला?"

काही जात नव्हतं. आयुष्यात मी कुणाला नाही म्हणू शकलेलो नाही, दारावर येणाऱ्या विक्रेत्यालासुद्धा. त्या दिवशी म्हणालो. खरं बोलायची मला चाड होती म्हणून नव्हे. एकदा तरी यांच्या घराचा बुडबुडा एका बाजूला गेलेला बघायचा होता, म्हणून. मी म्हटलं, "एवढंच असेल तर तिलाच विचारा कसं झोपायचं ते." हे मी टोचायला म्हटलं होतं. साडू आणि मुलीला विचारणार! ते चहा अर्धा टाकून उठून गेले.

रविवारी ती चिखल तुडवत चालत गावात यायची, तेव्हाच तिला फोन लागायचा. त्या रविवारी सकाळी वर्तमानपत्र परत द्यायला मी खाली गेलो, तर दार उघडं आणि साडू भिंतीकडे तोंड करून फोनवर उभे. मला पाहिलं की नाही कोण जाणे. एकदा घसा खाकरून म्हणाले, "तू कशी झोपतेस ते सांग."

ते दोनदा "आहेस ना?" म्हणाले. मग ती बोलायला लागली. त्यांनी कोपऱ्यातला फरशीचा तुकडा ओढला, कानावरची पेन्सिल काढली आणि उकिडवे बसून त्यावर लिहू लागले. मला एकच बाजू ऐकू येत होती. किती ढिला? आधी मधोमध बसायचं, मग पाय घ्यायचे, बरं. तिरकं म्हणजे किती तिरकं? पायाकडची बाजू वर, वीतभर? नक्की? खालच्या गारठ्याला काय घालतेस? चटई, कापडाच्या आत, बरं. त्यांनी एकदाही 'मला माहीत आहे' म्हटलं नाही. मी वर्तमानपत्र हातात धरून तसाच उभा.

पुढचे प्रश्न झोपेचे नव्हते. झाडावर खूण कशाने करता? पावसाने जात नाही ती? एकच झाड दोनदा मोजलं जाऊ नये म्हणून काय करता? हे उत्तर लांबलचक असावं. लिहिता लिहिता फरशी भरली, त्यांनी ती उलटी केली आणि मागच्या बाजूला लिहायला लागले. मी वर्तमानपत्र उंबऱ्यावर ठेवून वर आलो.

दुपारी ड्रिलचा आवाज आला. पायाकडच्या भिंतीत त्यांनी आधीच्या कडीच्या वीतभर वर नवीन भोक पाडलं, मुद्दाम, मोजून वाकडं. संध्याकाळी मी डोकावलो तेव्हा ते हात मागे बांधून त्या दोन कड्यांकडे आळीपाळीने बघत होते. हाडं मोडलेल्या माणसासारखा हॅमॉक मध्ये लोंबत होता.

"दिसायला घाणेरडं आहे," ते म्हणाले.

"झोपल्यावर दिसणार नाही," मी म्हटलं.

सकाळी साडेसहाला बायकोने माझ्या हाती चहा देऊन खाली पाठवलं. आमच्याकडे त्यांची किल्ली असे. साडू कापडात कोनातून आडवे पसरले होते, गुडघ्यांखाली उशी, एक हात बाहेर, तोंड उघडं. घोरत होते, तेही एका लयीत नाही. मी खुर्चीवर बसलो. चहा गार झाला, तो मीच प्यायलो. साडेआठला डोळे उघडून त्यांनी मला पाहिलं आणि विचारलं, किती वाजले. सांगितल्यावर आधी पटलंच नाही. पुढच्या रात्रीही झोपले, त्याच्या पुढच्याही. रविवारी मी मुलीला सांगितलं, झोपतात, आणि घोरतातही, तुझा हॅमॉक लांब बांध. ती हसली. मग म्हणाली, "काका, खरं ना?" मी म्हटलं, मी या माणसासाठी खोटं बोलेन का? ते तिला पटलं.

महिन्यासाठी म्हणून गेले ते तिथे सात आठवडे राहिले. मग ताप आला, आणि त्या गावच्या दवाखान्यातून ते परत आले नाहीत. मुलगी म्हणते, शेवटच्या दोन आठवड्यांत झाडांच्या खुणा तेच करायचे आणि दुसऱ्या कुणाला करू द्यायचे नाहीत. यावर माझा लगेच विश्वास बसला.

ते निघाले तेव्हा बसपर्यंत सोडायला मी गेलो होतो, बायकोने पाठवलं म्हणून. पिशवी वर ठेवून ते खिडकीशी बसले. बस काही सुटेना. बोलायला काही नव्हतं, म्हणून मी खालून विचारलं, पाण्याची बाटली घेतलीत का.

"घेतली," ते म्हणाले. "जा आता तुम्ही. असे उभे राहिलात तर लोकांना वाटेल, जागा मिळाली नाही म्हणून रुसलात."

"बरं, जातो," मी म्हटलं.