मोरागची दोन ओळींची टाळाटाळ

मोराग न्यूझीलंडच्या पार दक्षिण टोकाला, इन्व्हरकार्गिलला एकटी राहायची आणि घरी बसून वेलिंग्टनच्या एका कंपनीचं काम करायची. फेरीबोटीच्या तिकिटांचं सॉफ्टवेअर. पैसे न भरता अडवलेली जागा पंधरा मिनिटांनी सुटते का, हे बघायला पंधरा मिनिटं बसतंय कोण? म्हणून चाचणीपुरतं खोटं घड्याळ लावायचं, वेळ हाताने पुढे ढकलायची, आणि काम झालं की खरं घड्याळ परत बसवायचं. एवढंच! पण ऑफिसातली पोरं नेमकं तेवढंच विसरायची. मग पुढची चाचणी बिचारी त्या थांबलेल्या घड्याळापुढे ताटकळत राहायची.

आणि मोरागचा फोन वाजायचा.

"ओ आंटी, अडकलं परत!" हा तविता, वेलिंग्टनच्या ऑफिसातला सामोअन पोरगा.

"कुणी घाण केली या वेळी?"

"मीच असणार. शिव्या द्या, पण सोडवा."

घोळ कुठे आहे ते तिला बघताक्षणी कळायचं. पण लगेच सांगते कशाला! "थांब, शोधते," म्हणत ती चीज रोल भाजायला टाकायची, त्याच्या लेकीचा पडलेला दात आला का विचारायची, वाऱ्याला नावं ठेवायची. अख्ख्या दिवसात माणसाचा आवाज कानावर पडायचा तो एवढाच.

साहेबीण हॅना कधीची मागे लागली होती, की प्रत्येक चाचणीनंतर खरं घड्याळ आपोआप परत बसेल असं एकदाच कोडमध्ये लिहून टाक. दोन ओळींचं काम. मोराग आपली "बघते, बघते" करत राहिली.

एका दुपारी तविताचा फोन आला. तिने नेहमीसारखंच घोळवलं. सगळं सुटल्यावर तो हळूच म्हणाला, "संपला असेल आता."

"काय रे?"

"लेकीचा नाच, शाळेत. हे झाल्याशिवाय निघता येत नव्हतं."

"अरे मग सांगायचंस ना!"

"तुम्ही शोधतच होतात की, आंटी. उगाच कशाला घाई करू?"

मोरागला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फोन ठेवल्या ठेवल्या तिने त्या दोन ओळी लिहून टाकल्या. हॅनाची शाबासकी आली. सगळ्या चाचण्या सुरळीत चालू लागल्या, आणि फोन वाजायचा तो बंदच झाला.

बरेच दिवस कळ काढली तिने. शेवटी राहवेना, तेव्हा आपणच लावला.

"बोला आंटी! काय अडकलं?"

"काही नाही रे. सगळं चालू आहे."

"मग?" तविताने विचारलं.

"चुकून लागला," मोराग म्हणाली, आणि फोन ठेवून दिला.