देवीने पूर्वाला जेवायला बसवलं

माझी मोठी बहीण गेली आणि तिची मुलगी पूर्वा कॉलेजसाठी अकोल्याहून आमच्याकडे अमरावतीला राहायला आली. सोमवार, गुरुवार, चतुर्थी असे पोरीचे उपास वाढत गेले. शेजारणी कौतुक करायच्या. मला मात्र खुपत होतं. उपास सुटायच्या दिवशीही न जेवायला काहीतरी निमित्त निघायचंच. आमच्यासाठी ती हौसेने स्वयंपाक करायची आणि स्वतः पोळीचे बारीक तुकडे चिवडत बसायची. वैशाखाच्या उन्हातही तिला थंडी वाजायची, न्हाणीत केसांचे पुंजके पडलेले असायचे. "मले भूकच नाही मावशी," एवढंच म्हणायची. दुःख आहे, सरेल, असं सगळे सांगत. मी रोज दिवा लावून देवीला विचारायची, आई, हे नुसतं दुःखच आहे ना? मन काही शांत होत नव्हतं.

बहिणीच्या वर्षश्राद्धानंतर आम्ही दोघी पातूरच्या टेकडीवर देवीच्या दर्शनाला निघालो. चढताना मध्येच पूर्वाला भोवळ आली. समोरून उतरणाऱ्या एका बाईंनी तिला झेललं आणि सावलीत बसवलं. त्या तेल्हाऱ्याच्या, सोबत त्यांची तरुण मुलगी होती. पूर्वाचे गार हात चोळता चोळता त्या थांबल्या, मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "राग नका मानू बाई. पोरगी जेवते का?"

"उपास असतात तिचे."

"माही पोरगी बी असंच सांगे. भाऊ गेला तिचा, तवापासून. आमाले वाटलं, दुःख आहे. डॉक्टरले दाखवलं तवा समजलं, आजार होऊन बसला होता. तिच्यावर रागावू नका, जेव जेव करू नका. पन लवकर दाखवा."

मी वळून पाहिलं. त्यांची मुलगी पूर्वाशी हळू आवाजात बोलत होती आणि पूर्वा रडत होती. आई गेल्यावर न रडलेली माझी पोर रडत होती! मी जवळ बसले तशी माझ्या कुशीत शिरून म्हणाली, "जेवलं की वाटते मावशी, मी आईले विसरून राहिली."

त्या दिवशी आम्ही वर गेलोच नाही. तिथूनच हात जोडले.

डॉक्टरांना दाखवलं, समुपदेशक मॅडमकडे जाणं सुरू झालं. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितलं तेव्हा पूर्वा घाबरली, "देवी कोपली तं?" मी म्हटलं, "कोनत्या आईले लेकरू उपाशी आवडते वं?" दिवस सरळ गेले नाहीत. कधी दोन पावलं पुढे, कधी ताटावरून उठून जाणं. पोर माझी, पण तिला बरं करणं एकट्या माझ्या हातात नाही, हे स्वीकारलं आणि माझा जीव हलका झाला. देवीला मी काळजी सोपवली. डॉक्टरांची वेळ मात्र चुकवली नाही.

परवा पूर्वाने बेसनाचे गोळे घालून, आईच्या हातचा असायचा तसा गोळाभात केला. आम्हाला वाढून स्वतःही बसली, वरून फोडणीचं तेल घेतलं. जेवता जेवता आईच्या फजितीची एक गोष्ट सांगायला लागली आणि स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. मी पाणी दिलं. हसू आवरत तिने ताट पुढे केलं. "मावशी, अजून एक गोळा वाढ नं."

माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, तशीच मी तिच्या ताटात गोळा वाढला. आई जगदंबे, एवढं सुख तू माझ्या हातून वाढून घेतलंस!