क्लॅराचा दगड

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही — म्हणूनच असेल.

कॅलिफोर्नियात, सनीव्हेलचं अपार्टमेंट सोडून आम्ही बरंच आत, डोंगराच्या पायथ्याशी घर घेतलं. मागे ओढा. हिवाळ्याच्या पावसात तो भरून वाहतो, उन्हाळ्यात नुसते गोटे उरतात. पलीकडच्या काठावर रूथ राहायची — ऐंशी ओलांडलेली, एकटी. तिचे खापरपणजोबा बैलगाडीतून इथे आले, या पाण्याच्या आधाराने त्यांनी वस्ती केली. ओढ्याला नावही त्यांच्याच घराण्याचं. त्यांच्याही आधी इथे जे लोक राहत होते, त्यांना मात्र ती एका वाक्यात उरकायची. ते मला बरोबर टोचायचं — कारण मला काहीतरी टोचायला हवंच होतं.

माझी मुलगी सई शाळेतून आली की थेट तिकडे. रूथ तिला जुन्या घराचा चौथरा दाखवायची, तिच्या घराण्यातल्या पहिल्या बाईने लावलेलं पेअरचं झाड दाखवायची. आणि काठावरचा तो छोटासा दगड. त्या बाईचं तान्हं मूल तिथे पुरलेलं. दगडावर नुसतं नाव — क्लॅरा. सई त्यावर रानफुलं ठेवायची.

कुठल्याही आईला बरं वाटलं असतं, नाही? मला नाही वाटलं.

मग शाळेत ‘माझा वारसा’ असं प्रोजेक्ट आलं. मी हौसेने माझ्या आजोबांचे नागपूरचे फोटो काढून ठेवले. सईने प्रोजेक्ट केलं ओढ्यावर.

“अगं, ती आपली माणसं नाहीत,” मी म्हटलं.

“बट मॉम, वुई लिव्ह हिअर.”

माझ्या आजोबांचं नाव तिला आठवेना. क्लॅराच्या सगळ्या भावंडांची नावं पाठ! मी हसले — आणि आतून जळत राहिले. कधीच मरून गेलेल्या तान्ह्या पोरीवर कुणी जळतं का?

त्याच हिवाळ्यात मोठा पाऊस झाला, पलीकडचा काठ ढासळला. सकाळी पाणी ओसरलं तेव्हा मी एकटीच मागे गेले. दगड ओढ्यात पडला होता — माझ्या बाजूला, उथळ पाण्यात, नाव वर. दोन्ही हातांनी उचलता आला असता, एवढासा. रूथच्या किचनमध्ये दिवा दिसत होता. हाक मारली असती तर तिला ऐकू गेली असती.

मी घरात आले. चहा केला. दुपारी सांगू, म्हटलं. दुपारी पुन्हा पाऊस लागला. आणि तो लागणार, हे — खरं सांगायचं तर — मी फोनवर आधीच बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी दगड तिथे नव्हता.

रूथने उन्हाळाभर तो शोधला. कोरड्या ओढ्यात काठी टेकत, थांबत, दम खात. सई तिच्यासोबत. आणि मी? मीही. टोपी घालून, गोटे उलटेपालटे करत.

“तू शेवटचा कधी पाहिलास गं?” रूथने एकदा विचारलं.

“पावसाच्या आधी,” मी म्हणाले. तिच्या डोळ्यांत बघून.

ती खचली. ओढ्याच्या गोष्टी सांगायची थांबली. सईचं जाणंही कमी होत गेलं, संध्याकाळी ती माझ्याजवळ बसू लागली — आणि मला बरं वाटलं. हो, बरं वाटलं.

मागच्या वर्षी रूथ गेली. फ्युनरलला सई बोलायला उभी राहिली. म्हणाली, क्लॅराचा दगड हरवला तेव्हा रूथच्या नात्यातलं कुणी आलं नाही, पण माझी आई उन्हात रोज शोधत होती. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. पुढच्या रांगेतून रूथचा मुलगा उठून आला, माझा हात हातात घेऊन रडला.

मी हात सोडवून घेतला नाही.