दोन्ना तानीनाची टोपली

"टोपली आईची आहे. ती लेकीलाच मिळणार!"

"लेकीला? अगं, तू आकडे सांगायला लागलीस तर म्हशीसुद्धा झोपतील!"

हे मला भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं. भिंत पातळ होती आणि मी कान लावला होता, खोटं कशाला बोलू? शेजारच्या दोन्ना तानीनाच्या, म्हणजे तानीनाबाईच्या, सासूला पुरून आठवडा झाला नव्हता, आणि ती नि तिची नणंद ऑर्सोला तोंबोलाच्या, त्या आकड्यांच्या खेळाच्या, टोपलीवरून भांडत होत्या. त्या टोपलीत नव्वद लाकडी आकडे; एकेक काढून ओरडायचा, आणि खेळणाऱ्यांनी आपापल्या कागदावर शोधायचा. ती ज्या बाईच्या हातात, तिच्या घरात नाताळाला सगळी गल्ली. टोपली तानीनाने पटकावली.

आमच्या नापोलीत प्रत्येक आकड्याला अर्थ असतो, आणि तानीना नुसते अर्थच ओरडायची. सोळा म्हणजे ढुंगण. तो निघाला की म्हणायची, "पाद्रीबाबा, जरा सरका, हे कुठं बसवू?" पाठोपाठ तेहेतीस, म्हणजे क्रुसावर गेला तेव्हाचं येशूचं वय, निघालं की छातीवर क्रूस काढायची. "अगंबाई, ऐकलं वाटतं त्यानं!" पाद्रीबाबा रुमालात तोंड खुपसून हसायचे. पुढच्या वर्षी येणार नाही म्हणायचे, आणि सगळ्यांत आधी येऊन बसायचे.

अकरा वर्षांनी, ऐंशी सालच्या मोठ्या भूकंपानंतरच्या दुसऱ्या नाताळाला ती ओरडली, "बायकांचे पाय!" म्हणजे सत्त्याहत्तर. थोड्या वेळानं पुन्हा, "बायकांचे पाय!"

"चार पाय? बाई आहे का टेबल?" मीच म्हणाले. सगळे हसले, आणि मग कुणीच हसेना. तिच्या हातात एकाहत्तर होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, आणि बाईनं कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"उजेड कमी आहे," ती म्हणाली. दिवा तिच्या डोक्यावरच होता. टोपली तिनं पोटाशी घट्ट धरली.

ऑर्सोला उठली. मला वाटलं, झालं, आता टोपली गेली. पण तिनं खुर्ची ओढली, तानीनाला चिकटून बसली आणि म्हणाली, "एकाहत्तर आहे, आंधळे."

एकाहत्तर म्हणजे हलकट माणूस. तानीना एवढ्या मोठ्यानं ओरडली की कोपऱ्यात पेंगणारा तिचा नवरा दचकला. "ऑर्सोला, तुझा भाऊ आला गं!"

"मी वाचते, तू बरळ," ऑर्सोला म्हणाली. "मला ते जमत नाही."

"हे कळायला तुला अकरा वर्षं लागली!"

तेव्हापासून आठ नाताळ दोघी तशाच बसल्या, एकमेकींना कोपरानं ढोसत.

नवव्या वर्षी नाताळाच्या आदल्या सकाळी तानीना माझ्याबरोबर बाजारात आली. तिची ती शेवटची खरेदी; त्यानंतर ती फार दिवस जगली नाही. कागदावरचे आकडे झाकायला आम्ही संत्र्याच्या सालीचे तुकडे ठेवतो, आणि ती संत्री ती स्वतः निवडायची. एकेक दाबून बघत होती.

"खायला हवीत का खेळायला?" फळवाल्यानं विचारलं.

"खाईल ऑर्सोला. मला नुसती साल पुरे."

दोन किलो घेतली, वर एक फुकट उचललं, पिशवी माझ्या हातात दिली आणि पुढं चालायला लागली.