पाचवा उद्गार
कापसाचा ओला बोळा दिसला, की जालन्याच्या दवाखान्यातला तो उत्तम शुक्रवार, गुड फ्रायडे, आठवतो. येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांपैकी पाचवा, तहानेचा उद्गार चर्चमध्ये दरवर्षी या दिवशी माझे वडीलच समजावून सांगायचे. त्या दुपारी मात्र ते कॉटवर होते, आणि पाण्याचा थेंबही द्यायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "घोटभर पानी दे गं माय," ते गयावया करत राहिले. मी रडत रडत त्यांच्या सुकलेल्या ओठांवर ओला बोळा फिरवला. तो चोखत ते म्हणाले, "प्रभूला लोकांनी बोळ्यानं आंबट शिरका पाजला, मला तर पानी भेटलं. तुझे उपकार, देवा." संध्याकाळी ते तहानलेलेच गेले. आता चर्चमध्ये तो उद्गार समजावून सांगायचं माझ्याकडे आलंय. बोलता बोलता घसा कोरडा पडतो, सगळं सांगून होतं, पण ‘तुझे उपकार, देवा’ एवढं काही तोंडातून निघत नाही.