वायरमनच्या परीक्षेला, तिसऱ्यांदा

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून केलेलं काम म्हणजे आमच्याच घरचा पंखा. मी स्टुलावर, अंजना मेन स्विचजवळ. मी वरून विचारायचो, "बंद?" ती म्हणायची, "बंद केलं, लावा हात." कारंजात घरोघरी वायरिंगची कामं आम्ही अशीच केली. बायकोच्या आवाजाशिवाय मी कधी तारेला हात लावला नाही.

पंखा लागला, आणि त्याच आठवड्यात ती गेली. छातीत कळ आली, आर्वीच्या दवाखान्यापर्यंतही पोचलो नाही. त्यानंतर मी कोणाकडे कामाला गेलो नाही. तारेजवळ गेला की हात मागे यायचा.

वायरमनच्या परवान्याचा हट्ट तिचाच. ती असताना मी वर्धेला दोनदा नापास झालो. पहिल्यांदा तार दातानं सोलली. दुसऱ्यांदा सरळ बोर्डात हात घातला, मेन चालूच. परीक्षेच्या साहेबांनी मनगट धरलं म्हणून वाचलो. घरी सांगितलं तर ती हसता हसता खाली बसली. "मले काऊन नाई नेलं सोबत?" दोन्ही वेळा मी तिच्यासाठी वर्धेचा गोरसपाक, म्हणजे तिथली खुसखुशीत बिस्किटं, नेला होता. तो चहात बुडवून खात म्हणाली, "असेच फेल होत राहा."

आता तिसऱ्यांदा निघालो. ठरवलं होतं, तिथंही हात चालला नाही तर हत्यारं विकून टाकायची.

एसटीत संत्र्याचे बगीचे मागे पडेपर्यंत शेजारची म्हातारी गप्प होती. मग म्हणाली, "कायले चालले भाऊ?"

"परीक्षा हाये."

"नातवाची?"

"माही."

"ह्या वयात?"

"पास झालो असतो तं कायले आलो असतो बाई!"

आर्वीला गाडी बदलली. तर्रीपोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाताना तर्री शर्टावर सांडली. मी पुसत बसलो तर पोहेवाला म्हणाला, "राहू द्या बाबा, लाल रंग शुभ असते." पुढे खरांगण्याकडे सागाची टेकाडं लागली. शेतात बाया कापूस वेचत होत्या. मी बाहेर पाहत मनातल्या मनात तारा जोडत होतो.

परीक्षेत जिन्याचा दिवा आला. खाली एक बटण, वर एक, दिवा एकच. तारा सुरीनं सोलल्या, पट्टीवर नीट बसवल्या. मेनला जोडायची वेळ आली आणि तोंडून गेलं, "बंद?"

हातात तार धरून मी तसाच उभा.

साहेब जवळ आले. "कोणाले विचारून राह्यले बाबा?"

"बायकोले."

"बाहेर बसल्या काय?"

"वारली."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. हळूच म्हणाले, "मेन बंद करा. फ्यूज काढा आन् आपल्याच खिशात ठेवा. मंग कोणाले विचारा लागत नाई. पण हे मी सांगितलं, म्हणून आज पास नाई करता येत. तरी जोडून तं पाहा."

फ्यूज काढून वरच्या खिशात टाकला. टेस्टर लावून पाहिला. हात पुढे केला. या वेळी मागे आला नाही. जोडलं, फ्यूज बसवला, मेन चालू केली. दिवा लागला. खाली जाऊन विझवला, वर येऊन पुन्हा लावला. गरज नव्हती, तरी.

"परत या," साहेब म्हणाले.

"येतो ना," म्हटलं.

सवयीनं गोरसपाक घेतला आणि गाडीत बसल्यावर समजलं, कोणासाठी घेतला. पुडा सोडून शेजाऱ्यांत वाटला. एकानं विचारलं, "पास झाले वाटते?" म्हटलं, "नाई, फेलचा हाये, खा." नापास होण्याचं मला वाईट वाटत नव्हतं. दोन खेपा शिकून जे आलं नाही, ते तिसऱ्या खेपेला हातात घेऊन परत चाललो होतो, आणि ते सांगायला घरी कोणी नव्हतं, एवढंच टोचत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारांची पिशवी उचलून शेजारच्या लीलाबाईकडे गेलो. तिचा दिवा कधीचा बंद होता. मी येत नाही म्हणून तिनं कोणाला बोलावलंही नव्हतं. मला पाहून ती लगबगीनं स्विचजवळ जाऊन उभी राहिली. "मी राहू इथं, भाऊजी?"

"नको," म्हटलं. "तू चाय मांड." मेन बंद केली, फ्यूज खिशात टाकला आणि स्टुलावर चढलो.