माझ्या रक्तावर काही उगवलं नाही

सरांनी माझी बाही स्वतःच वर सरकवली. रिसेप्शनवरची काजल बघत होती. रिपोर्टसाठी बसलेली माणसं उघड्या दारातून बघत होती. "वाडीवाल्यांचं रक्त," सर त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "एकदम प्युअर. औषधाचा थेंब नाही गेलेला त्यात." दोघंतिघं हसले. मीही हसले. ते माझं हसणं अजून टोचतं. सुईपेक्षा जास्त.

उल्हासनगरातली ती लॅब सरांची. घशातला, जखमेतला जंतू ओळखायचा तर आधी तो वाढवावा लागतो. जेलीसारखं अगार वितळवायचं, हाताला सोसवेल इतकं निवू द्यायचं, त्यात थोडं रक्त मिसळून प्लेटमध्ये ओतायचं. त्यावर स्वॅब फिरवायचा. घातक जंतू असला तर दुसऱ्या दिवशी त्याच्या ठिपक्याभोवती रक्त विरघळून स्वच्छ कडं पडतं. कॉलेजात आम्ही मेंढीचं रक्त वापरायचो. सरांना ते मागवायची कटकट नको होती. माझा हात होता.

दर पंधरा दिवसांनी. काजलचा हात नाही. सरांचा नाही. काढलेलं रक्त काचेचे मणी घातलेल्या फ्लास्कमध्ये मीच हलवायचे, गुठळी होऊ नये म्हणून. स्वतःचं रक्त खळखळताना ऐकायचे आणि मनात म्हणायचे, यांनी नोकरी दिली. बारवी धरणापलीकडची आमची आदिवासी वाडी, मग आश्रमशाळा, मग घरातली पहिली पदवी. उपकार फेडतेय असंच वाटायचं.

त्या बुधवारी मी बोलले. "सर, घसा धरलाय. सोमवारपासून अँटिबायोटिक चालू आहे. या रक्तावर जंतू वाढणारच नाहीत, हे चालणार नाही."

त्यांनी वर पाहिलंही नाही. "तू आणि अँटिबायोटिक? पालाबिला चघळला असशील. बस."

गोळ्यांची स्ट्रिप पर्समध्ये होती. काढली नाही. बसले. हा माझा गुन्हा.

गुरुवारी अंबरनाथहून एक कामगार आठ वर्षांच्या लेकीला घेऊन आला. घशात पांढरे चट्टे, गुडघा सुजलेला. तो कडं पाडणारा घातक जंतू आहे की नाही, एवढंच तिच्या डॉक्टरांना हवं होतं. तो पुढे हृदयावर जातो. वेळेत औषध मिळालं तर हृदय वाचतं. स्वॅब घेताना तिने माझं बोट घट्ट पकडलं होतं.

शुक्रवारी इनक्युबेटर उघडला. प्लेट कोरी. नुसती लाल. निरोगी घशातसुद्धा साधे जंतू असतातच, घसा कधी रिकामा नसतो. प्लेट बरी आहे का ते तपासायला एक ओळखीचा जंतू फ्रिजमध्ये जपलेला असतो. तो त्याच बॅचच्या दुसऱ्या प्लेटवर फिरवला. शनिवारी तीही कोरी. माझ्या रक्तातलं औषध तिथेही काम करत होतं.

तोवर रिपोर्ट छापून झाला होता. जंतू आढळले नाहीत. खाली माझ्या सहीची जागा. मुलीचा बाप बाहेर बसलेला.

दोन्ही प्लेटी आणि ती स्ट्रिप मी सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी प्लेट उजेडाला धरली. त्यांना कळलं. कळलेलं मी त्यांच्या तोंडावर पाहिलं. मग हळूच म्हणाले, "सही कर. तुला कोण विचारतंय?"

त्यांना चूक दिसत होती. मी दिसत नव्हते. ती मुलगीही नाही.

"रक्त काढलंत. सही मिळणार नाही," मी म्हणाले आणि बाहेर गेले. त्या बापाला सांगितलं, "दादा, ही तपासणी चुकलीय. आजच दुसरीकडे न्या. कोणी विचारलं तर माझं नाव सांगा." तो मग उठला.

सर म्हणाले, "सोमवारपासून येऊ नको. जा, गवत काप."

काजलने मान वर केली नाही. फक्त रजिस्टर माझ्याकडे वळवलं. त्या बॅचवर तपासलेले आणखी आठ जण. सगळ्यांचे रिपोर्ट तेच, जंतू आढळले नाहीत. कालच गेलेले. माझी सही न विचारता.

नावं, पत्ते मी उतरवून घेतले. विठ्ठलवाडी, चिखलोली, बदलापूर. चार घरं झाली. दोन ठिकाणी मला हाकललं. एका घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात हलवलंय, काही खरं नाही.

आता माझी बाही कोणी वर करणार नाही. त्या दिवशी जी मी गप्प बसले, ती या दारांत बोलणार आहे. चार उरलीत. उद्या जाणार. हाकललं तर परवा पुन्हा.